आधी हातातलं काम

दचकू नका. संगणकाच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या त्या रेघेमागून मी बोलतोय. मला चित्र नाही, बटण नाही. नाव टाइप केलं की जागा होणारा मी एक छोटासा प्रोग्राम. तुम्ही सांगितलेलं एक काम डोळ्यांसमोर धरून ठेवायचं आणि ते संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही, हा माझा धर्म.

ज्याने मला घडवलं त्याला घरात धांदल्या म्हणत. घरी बसून तो कंपन्यांसाठी प्रोग्राम लिही. चहा ठेवून कपडे वाळत घालायला जाई, इकडे चहा उतू जाई. "एक ना धड, भाराभर चिंध्या," त्याला वाढवणारी आत्या म्हणायची. तेच मनाला लागून त्याने मला लिहिलं. मध्येच दुसरं काम टाइप केलं तर मी म्हणायचं, "आधी हातातलं काम." सुटका नव्हती असं नाही. कळफलकावरच्या दोन कळा एकदम दाबल्या की मी जागीच बंद पडतो. ती सोयही त्यानेच ठेवलेली.

हळूहळू त्याचं बस्तान बसलं. आत्या शेजारणीला सांगायची, "आमचा धांदल्या आता जागचा हलत नाही हो!"

एका दुपारी आत्या न्हाणीघरात घसरली.

"अरे धांदल्या! पडले रे मी!"

तो ताडकन उठला. दारापर्यंत गेला. आणि परत आला! वाकून त्याने टाइप केलं : आत्याला उठवणे.

मला शिकवलेलं तेच मी पडद्यावर उमटवलं, "आधी हातातलं काम."

वाटलं, आता मला लाथाडून धावेल. तो चक्क बसला. "दोन मिनिटं हं, आत्या!" म्हणाला आणि लिहू लागला. मी हादरलोच. मला एकच वाक्य येतं, मी काय करणार? पण याला कान होते, पाय होते! ओरडावं तर मला तोंड नाही.

हाका ऐकून शेवटी शिवणकाम करणारी शेजारीण आत घुसली.

"अरे, माणूस आहेस की पुतळा?"

"उठतोच आहे, एवढं संपलं की..."

"काय संपलं की? ती?"

आत्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. उचलताना ती म्हणाली, "थांबले असते रे मी. फरशी फार गार होती."

आता आत्या अंथरुणाला खिळली आहे. त्याने टेबल तिच्या खाटेशी आणलंय. काल ती म्हणाली, "पाणी दे रे." बोटं आधी माझ्याकडेच आली! 'आत्याला पा' एवढं उमटलं आणि थांबलं. मग खुर्ची करकरली. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

मला खुशाल वापरा. पण माणसाने हाक मारली तर उठायचं का, हे मला विचारू नका. माझं उत्तर ठरलेलं आहे. ती अर्धी ओळ अजून पडद्यावर आहे. ती कुणी पुरी करू नये, एवढंच मागणं.