सोळा कोअर आणि अडखळणारा घोडा

नवऱ्याला जाऊन सात आठवडे झाले होते आणि वहिनी अजून रडली नव्हती. गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण नवरा तिथलाच प्रोग्रामर. तो लिहायचा, ती तपासायची. लोक तिच्याकडे काळजीने बघत. तिला मात्र काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं सगळं.

त्या सकाळी ती घोड्यांच्या गेमवर बसली होती. ऑफिसच्या मोठ्या मशीनवर घोडा उडी मारताना हवेतच अडखळत होता. क्षणभरच, पण खेळणाऱ्याचा जीव त्या क्षणातच अडकलेला असतो. प्रोसेसर चांगला महागातला. सोळा कोअर, म्हणजे काम करणारे सोळा हात, पण एका जागी नव्हेत. आठ एका चिपलेटवर, म्हणजे चिपच्या एका तुकड्यावर, आठ दुसऱ्यावर. तिने सेटिंगमध्ये जाऊन एक चिपलेट सरळ बंद केलं. निम्मी ताकद काढून घेतली आणि घोडा सुरळीत पलीकडे गेला. सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा तेच.

शेजारचा चष्मेवाला प्रोग्रामर खुर्ची सरकवत आला. "असं कसं वहिनी? जास्त हात म्हणजे काम लवकर, नाही का?"

"कामं आपापली असतील तर. व्हिडिओ तयार करायला सोळाच्या सोळा कामाला येतात. इथे घोड्याचा पाय इकडचे आठ ठरवतात आणि जमीन कुठाय ते तिकडच्या आठांना विचारतात. निरोप जाऊन येईपर्यंत घोडा लटकलेला."

"म्हणजे बारभाईचा कारभार."

"हं," ती म्हणाली. एरवी हसली असती.

सोळांमध्ये काम वाटणारा तो भाग नवऱ्याने लिहिला होता. अकरा महिने त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. घरच्या मशीनवर आठच कोअर, तेही एकाच चिपलेटवर. तिथे घोडा वाऱ्यासारखा पळाला आणि स्वारी छाती फुगवून ऑफिसात आली. मोठ्या मशीनवर लावून बघायचं राहूनच गेलं. आता तो भाग काढला, की या गेममध्ये त्याचं काहीच उरणार नव्हतं.

साहेबांनी आकडे पाहिले आणि टकलावरून हात फिरवला. "वहिनी, तुम्ही हे पाहिलंच नाही असं समजू. असलं मशीन असतं किती जणांकडे? त्याचं शेवटचं काम आहे, राहू दे की."

माणूस चांगुलपणानेच बोलत होता. अळीमिळी गुपचिळी, कुणाला कळलंही नसतं.

"घोडा अडखळतोय, साहेब," ती म्हणाली आणि नोंद करायला घेतली.

तिथली पद्धत अशी, की दोष नोंदवला की तो प्रोग्रामच्या त्या ओळी लिहिणाऱ्याच्या नावावर आपोआप जायचा, आणि त्याने मान्य केल्याशिवाय दुसरं कुणी हात लावायचं नाही. यादीतून नवऱ्याचं नाव काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिने नोंद पाठवली आणि तिच्याच पर्समध्ये फोन थरथरला. त्याचा फोन. ती तो रोज चार्ज करायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तुमच्या कामात दोष आढळला आहे," असं स्क्रीनवर आलं होतं. खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य.

नऊ वर्षांत त्याने तिने काढलेला एकही दोष सुखासुखी मान्य केला नव्हता. "तुझं मशीनच भंगार आहे," इथून सुरुवात व्हायची. मग खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी यायचा, हातवारे, आरडाओरडा, आणि तासाभराने पडेल आवाजात, "बरं बाई, तुझंच खरं."

ती फोन हातात धरून बसून राहिली.

"वहिनी, मी दाबू का?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

"थांब रे. तो आधी भांडेल."

चष्मेवाला खाली बघायला लागला. तिने मग स्वतःच 'मान्य' दाबलं. दोष मान्य झाला, एका सेकंदात, एका शब्दाचाही वाद न होता.

"अरे, भांड की," ती फोनला म्हणाली, आणि सगळ्या ऑफिससमोर रडायला लागली.