मनकर्णेचं माहेर

माझ्या कादंबरीतल्या मनकर्णेचं माहेर तुटलेलं होतं. का तुटलं, ते मलाच सापडत नव्हतं, आणि दीडशे पानं तर लिहून झाली होती. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हापासून कागद पाहिल्याशिवाय माझा कोणावर विश्वास बसत नाही, अगदी स्वतःच्या पात्रावरसुद्धा. म्हटलं, एखाद्या खऱ्या गावात जाऊन विचारावं.

अकोल्यात, जठारपेठेत, माझ्या शेजारी पार्वताबाई राहतात. त्यांचं माहेर चांदूर बाजारजवळ. "माह्या भावाकडे जा ना मॅडम," त्या म्हणाल्या. "माहं नाव सांगा, चहा पाजल्याबिगर नाई सोडत थो." दर भाऊबीजेला भाचा किशोर त्यांना न्यायला यायचा. एरवी फारसं न हसणारी ही बाई माहेरच्या त्या चार दिवसांबद्दल बोलताना चक्क लाजायची.

अमरावतीला एसटी बदलून गेले. पार्वताबाईंच्या भावानं, महादेवरावांनी, खरंच चहा दिला. किशोर बाजूलाच बसला होता. मी वही काढली.

"समजा, बापाला एक मुलगा, एक मुलगी. बाप गेला. मुलीचं नाव न लागता सगळं शेत, सगळं वावर मुलाच्या नावावर कसं होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाले कोनं धाडलं?"

"कोणी नाही. माझ्या कादंबरीत एक मनकर्णा आहे..."

"कुठची?"

"कुठचीच नाही. मी बनवली."

"बनवली," ते किशोरकडे पाहत म्हणाले. "आन् पत्ता पार्वतानं देला."

मी हो म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, हे तेव्हाच कळायला हवं होतं. उलट मलाच चेव आला. म्हातारा एवढं दडवतोय म्हणजे काहीतरी आहेच! बाहेर पडून मी थेट तलाठ्याच्या हाताखालच्या गावच्या कोतवालाला गाठलं.

"त्या घरात वारस एकच, महादेवराव," तो म्हणाला. "बहिनीचं नाव कागदावर कुठीच नाई."

मी ते वहीत उतरवत असताना किशोरची मोटरसायकल समोरून दोनदा गेली.

परतल्यावर पार्वताबाईंनी एवढंच विचारलं, "चहा देला ना?" दिला म्हटलं. बाकीचं सांगायची हिंमत झाली नाही. कादंबरी मात्र पुढे सरकली. मनकर्णेचं नाव भावानं वगळलं, हे मी लिहून टाकलं, आणि लाज वाटायची सोडून खूश झाले.

भाऊबीजेला पार्वताबाई सकाळपासून पिशवी भरून दारात बसलेल्या. दुपारी किशोर आला. त्याच्या हातात कागद होता, वावरावर आपला हक्क नाही असं आत्यानं लिहून द्यायचा.

"आत्या, सही कर, मंग चाल."

"मी कदी काई मांगतलं काय रे?"

"मंग या मॅडमले काहून धाडलं?"

मी मध्ये पडले. मनकर्णा कशी खोटी आहे, ते जीव तोडून सांगितलं.

किशोर हसला. "खोट्या बाईसाठी कोतवालाले भेटले तुमी?"

पार्वताबाईंनी पेन हातात घेतला. मला राहवलं नाही. "सही करू नका. त्यांनी तुमचं नाव मुद्दाम गाळलंय."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "बाप गेला तवापासून मालूम हाय. मले मालूम नाई असं त्याले वाटे, म्हनून तर न्यायले धाडे."

त्यांनी सही केली. किशोरनं कागदाची घडी घातली. आत्याच्या तोंडाकडे त्याला पाहवेना. पिशवीला हातही न लावता तो गाडी सुरू करून निघून गेला.

मी पुन्हा गावी जाऊन महादेवरावांना सगळं समजावीन म्हटलं.

"नका जाऊ. मीच धाडलं म्हनंल थो."

पिशवी उचलून त्या आत गेल्या, आणि परत दारात आल्या.

"मॅडम, तुमच्या त्या मनकर्णेले भाऊच नका देऊ. दिवायीले वाट पाहत बसते मंग बाई."