वांग्याएवढी अक्षरं

महांतेश पट्टणशेट्टी सरांना दिसत नव्हतं, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः, दुसरी त्यांची बायको पवित्रा. तसे अगदी ठार आंधळे नव्हते. माणूस दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही. पुस्तक दिसायचं, पण आतली अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. साखरेनं डोळ्यांचे पडदे धरले होते. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं एकच विषय शिकवलेला, त्यामुळं फळ्यावरचं सगळं तोंडपाठ होतं. हजेरी ते आवाजावर घ्यायचे. पोरं म्हणायची, सरांना वहीसुद्धा लागत नाही, केवढी विद्वत्ता! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढे दिवस ती मूठ झाकून ठेवायची होती. कॉलेजला कळलं असतं तर डॉक्टरांपुढं उभं करून घरी पाठवलं असतं, आणि त्या घरी बसण्याची सरांना मरणापेक्षा जास्त धास्ती होती.

दोन वर्षं पवित्राबाईंनी वाचून दाखवलं म्हणून निभावलं. पण दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतर थोरल्या लेकीच्या, शांभवीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने बेळगावला गेल्या, आणि नेमकं त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं. दुसऱ्या वर्षाचा पेपर काढून द्या. अकरा वर्षं सर पेपर काढत होते. एकदा नको म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का हो नको? या एका ‘का’ला घाबरून सरांनी होकार कळवला.

मदतीला धावला तो पुण्याचा पुतण्या सोमेश, गुपित सांगावं लागलेला तिसरा माणूस. तो एक लॅपटॉप आणि तळहाताएवढी एक डबी घेऊन आला. सरांचा टीव्ही इतका जुना, की त्याला मागं एरियलशिवाय दुसरी वायर खुपसायला भोकच नव्हतं.

“काका, टीव्हीला वायर लागतच न्हाय,” सोमेश म्हणाला. “लॅपटॉपची वायर ह्या डबीत. डबीतनं चित्र हवेत, आन् हवेतनं टीव्हीच्या एरियलवर.”

त्यानं डबीचा वीतभर दांडा उभा केला, टीव्हीच्या दोन नंबरवर थोडी खुडबुड केली, आणि पडद्यावर वांग्याएवढी इंग्रजी अक्षरं उभी राहिली. कडा जरा फाटल्या होत्या, आकडे थरथरत होते, पण टीव्हीला नाक लावून बसल्यावर सरांना ते वाचता येत होतं. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एक आख्खी ओळ वाचली आणि पुतण्यासमोर न लाजता रडले.

“पर हवेतनं जातंय म्हणतोस, दुसऱ्या कुणाच्या टीव्हीवर न्हाय न्हवं दिसत?” डोळे पुसून त्यांनी विचारलं.

“तुमच्या कॉलनीत सगळ्यांकडं केबल हाय की. केबलवाल्या टीव्हीला हवेतलं काय घावत न्हाय.”

कागलच्या एमआयडीसीतल्या कामगारांची ती कॉलनी. भिंतीला भिंत लागलेली घरं, पण केबल मात्र झाडून सगळ्यांकडं होती. सर निर्धास्त झाले. आठ दिवस संध्याकाळी पडदे ओढून, दाराला कडी घालून त्यांनी पेपर टाइप केला. गुरुवारी पाकीट लाखेनं बंद करून स्वतःच्या हातानं परीक्षा विभागात दिलं. शुक्रवारी निरोप आला, पेपर छपाईला गेला. आता फक्त तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरं लिहून द्यायची राहिली होती.

शनिवारी संध्याकाळी पेपर पडद्यावर तसाच ठेवून सर दूध आणायला बाहेर पडले. परत येताना शेजारच्या आकारामच्या खिडकीपाशी त्यांचे पाय थबकले. आकाराम फौंड्रीत कामाला, दुसऱ्या पाळीला गेलेला. खिडकी उघडी होती आणि आत टीव्ही लागला होता. सरांना दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, एसटीचा फलक वाचता येत नव्हता, हातातल्या पिशवीवरचं दुधाचं नाव वाचता येत नव्हतं. पण आकारामच्या खिडकीलगतच्या टीव्हीवरचं त्यांना लख्ख वाचता आलं; आठ दिवस नाक लावून वाचलेल्याच त्या ओळी होत्या. पहिला प्रश्न, आठ मार्क. त्यांचाच.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी हातातून सुटली नाही एवढंच. हे स्वप्न असावं म्हणून त्यांनी डोळे मिटून उघडले, तरी अक्षरं तिथंच होती. आणि तेवढ्यात दारातून हाक आली.

“सर! भाईरच का हुबं? या की, च्या टाकते.”

आकारामची बायको, बायडाबाई. तिनं हाताला धरल्यासारखं आत नेलं आणि नेमकं टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. आपल्याच गुन्ह्यापुढं माणसाला बसवून वर चहा पाजावा, असली ती बैठक होती.

“बरं झालं आलासा. ह्ये काय लागतंय ओ दोन नंबरला? एकावर दूरदर्शन, दोनावर ह्ये. आठ दीस झालं. गाणं न्हाय, माणूस न्हाय, नुसती एवढाली अक्षरं. मी म्हटलं सरकारचं अभ्यासाचं कायतरी असंल. क्रांतीला म्हटलं, बघ की गं, तुज्या उपेगाचं हाय.”

“पण तुमची केबल?” सरांनी कसंबसं विचारलं.

“आता गं बया! इसरलासा व्हय? तुमीच न्हाय का म्हटलासा ह्यास्नी, पोरीची परीक्षा हाय, केबल काढून टाका? त्याच दिवशी काढली. मग बातम्याला म्हणून जुनी एरियल चढवली पत्र्यावर.”

ते खरं होतं. दिवाळीत सरांनीच आकारामला बजावून सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! साठ घरांच्या कॉलनीत सरांचं सोडून केबल नसलेलं घर एकच उरलं, ते सरांच्या सल्ल्यानं, आणि त्याच घरातली पोरगी क्रांती सरांच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, त्याच पेपरला बसणार होती.

“क्रांती कुठं हाय?”

“कोल्हापुरास्नं येईल की आता, सातच्या गाडीनं.”

चहा तसाच ठेवून सर घरी आले. आल्या आल्या डबीची वायर उपटली. मग खुर्चीत बसले ते बसलेच. डोक्यात एकामागून एक चित्रं येऊ लागली. चौकशी. पोलीस. वर्तमानपत्रात फोटो. पेपर फुटला, पेपर काढणाऱ्याच्या घरातून फुटला. आणि पहिला प्रश्न सगळे एकच विचारणार, अहो, पेपर टीव्हीवर लावायची गरजच काय होती तुम्हाला? त्या प्रश्नापाशी येऊन ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. पेपर फुटल्याच्या भीतीपेक्षा या प्रश्नाची भीती मोठी होती, आणि याची त्यांना लाजही वाटत होती.

गप्प बसलं तर? बायडाबाईला इंग्रजी येत नाही. आकारामला पाळीतून फुरसत नाही. राहता राहिली क्रांती. ती काही बोलणार नाही, फुकटचे मार्क कुणाला नको असतात? कुणाला म्हणून कळणार नाही. हा विचार करताना त्यांना जरा बरं वाटलं. तेवढ्यात दार वाजलं.

“सर, मी क्रांती.”

तिनं आत येऊन दिवा लावला आणि उभीच राहिली. तोंड दिसत नव्हतं, पण ओढणीचं टोक पिरगळत होती, तेवढं सरांना दिसलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

“आईनं सांगितलं, तुम्ही येऊन गेलासा म्हणून. सर, मला मंगळवारी कळलं, ते तुमच्या विषयाचा पेपर हाय. तवापास्नं मी दिसलं की बंद करायची. पर माझ्या माघारी आई लावायची. आन् काल... काल मी वाचलं. सगळं. खोटं कशाला बोलू?”

सरांनी चाचपत तिच्यापुढं खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

“सर, तिसरा प्रश्न चुकलाय.”

“काय?”

“तुळई सहा मीटरची हाय आन् वजन डावीकडनं आठ मीटरवर ठेवलंय. तुळईच्या भाईर, हवेत. तिथं तीन पायजे न्हवं?”

तीनच पाहिजे होतं. इंग्रजी तीनाच्या आणि आठाच्या थरथरत्या कडांत त्यांना फरक दिसला नव्हता. तीस वर्षांत त्यांच्या पेपरात अशी चूक झाली नव्हती. हजारो पोरं त्या तुळईपाशी घाम गाळत बसतील, हे त्यांना डोळ्यांपुढं दिसलं.

“ते मी मुद्दाम...” त्यांनी सुरुवात केली.

“सर,” ती एकदम म्हणाली, “तुम्हाला दिसत न्हाय न्हवं?”

दोन वर्षं ज्या वाक्याला भिऊन ते जगले ते वाक्य असं शेजारच्या पोरीच्या तोंडून आलं. त्यांना वाटलं आता काळीज बंद पडणार. पण ते आपलं चालूच होतं. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“एवढी मोठी अक्षरं कोण काढतंय सर? मी आठ दीस ती अक्षरंच तेवढी बघत होते,” क्रांती रडवेली झाली होती. “मी कुणाला सांगायची न्हाय. आयशप्पथ. तुम्ही तेवढं तीन करून घ्या कसंबी. पर सर, माझं वर्ष जाईल का ओ? आबांनी भट्टीवर डबल पाळ्या करून शिकवलंय मला. पेपर फोडणारी म्हणून नाव लागलं तर ते जीव देतील.”

ती भीत होती. सरांच्या लक्षात आलं की ही पोरगी आपल्याइतकीच भीत होती, कदाचित जास्त, आणि तरी आपल्या पायानं चालत आली होती. गप्प बसली असती तर पेपर तिच्या हातात होता. आणि आपण, तिचे मास्तर, तासभर अंधारात बसून ती गप्प बसेल का याचा हिशेब करत होतो. सरांना स्वतःची शिसारी आली.

ते उठले. फोनजवळच्या फळीवरून चाचपत डायरी काढली. ओळखीचे नंबर ते बोटांच्या सवयीनं फिरवायचे, पण हा नंबर सवयीचा नव्हता.

“परीक्षा विभागाचे साहेब. घरचा नंबर असंल बघ ह्यात. पवित्रानं बारीक लिहिलंय, मला वाचता येत न्हाय. तू लावून दे.”

“सर, नका...”

“लाव पोरी. माझा धीर सुटायच्या आत लाव.”

तिनं पान शोधलं. दोनदा चुकून तिसऱ्यांदा नंबर लागला, तसा तिनं रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सरांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“साहेब, पट्टणशेट्टी बोलतोय. माझा पेपर रद्द करा. छपाई थांबवा. फुटलाय. माझ्याच चुकीनं. मी तो घरच्या टीव्हीवर लावून वाचत होतो, शेजारी दिसला.”

पलीकडं साहेबांचा आवाज चढला, एवढा की भिंतीजवळच्या क्रांतीलाही ऐकू गेला. “शेजारी म्हणजे कुणाकडं? कुणी पाहिला? नाव सांगा!”

क्रांतीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

सरांनी तिच्याकडं मान वळवली. समोर भिंत होती, भिंतीशी एक आकार होता, आणि त्या आकाराला तोंड नव्हतं.

“कसं सांगू साहेब?” ते म्हणाले. “मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही.”