अकरा माळा टिकणारा हेडफोन

भोसरी एमआयडीसीत अर्जुनरावांच्या वर्कशॉपमध्ये कन्व्हेयरला लागणारे छोटे गिअरबॉक्स बनतात, आणि बाहेर पडण्याआधी त्यातला प्रत्येक कस्तुराच्या टेबलावर येतो. ज्योतीराम फिटर तो स्टँडवर चढवतो, अंगाला सेन्सर चिकटवतो, मोटर चालू करतो. कस्तुरा हेडफोन लावून मिनिटभर ऐकते. आत सगळं जागेवर असेल तर एकसारखी घूं ऐकू येते. आतल्या चाकाच्या एखाद्या दाताचा टवका उडालेला असेल तर त्या घूंमध्ये बारीक टिक्‌टिक् येत राहते. नऊ वर्षं ती हेच करत होती.

आणि आता चाकणच्या गिऱ्हाइकाने तीन गिअरबॉक्स परत पाठवले होते. तिन्हींच्या कागदांवर कस्तुराची सही.

अर्जुनरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस मूळचा भोसरीचाच. बापाच्या ज्वारीच्या रानात शेड टाकून बसलेला.

"ताई, राग मानू नका. वय कुणाला चुकलंय? आवाज तपासायचं यंत्र मिळतंय, ते आणतो. तुमी प्याकिंगला बसा. पगार हाय तोच."

पगार तोच राहणार होता. पण कस्तुराचा कान गेला, असं शेडभर पसरणार होतं, आणि ते खरं नव्हतं. ती येतानाच रजिस्टर घेऊन आली होती.

"शेठ, तिन्ही गिअरबॉक्स दुपारी तीननंतरचे आहेत. कान गेला असता तर सकाळचेही परत आले असते. आणि मी खराब म्हणून बाजूला काढलेले जे तुम्ही उघडल्यावर चांगले निघाले, तेही दुपारचेच."

"मग जेवल्यावर डुलकी लागत आसंल."

"ह्यातला एक एकादशीचा आहे. त्या दिवशी मी पाण्यावर असते."

अर्जुनरावांना हसू आलं. "मग काय म्हणायचं काय तुमाला?"

"हेडफोन. सकाळपासून लावून दुपारी तीनपर्यंत चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायला लागतात. पुढे मी गिअरबॉक्स ऐकतच नाही, माझं दुखणं ऐकते. एक हेडफोन मला निवडू द्या. मग माझी परीक्षा घ्या."

आवाज चढवायचा नाही हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. बाहेर कॉम्प्रेसर चालू होता, म्हणून अर्जुनरावांनाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

"शनिवारी तीननंतर पाच खराब मिसळतो," ते म्हणाले. "सापडले तर टेबल तुमचं. न्हाई तर यंत्र."

"चालेल."

संध्याकाळी दिघीला घरी जाताना ती पीएमटी चौकाजवळच्या नवनाथच्या दुकानात थांबली. नवनाथने चकचकीत लाल हेडफोन पुढे केला.

"हा घ्या ताई. ढोल छातीत वाजतो."

कस्तुराने मोबाइलमध्ये दोन गिअरबॉक्सचे आवाज भरून आणले होते, एक चांगला, एक टवका उडालेला. दोन्ही ऐकले आणि हेडफोन खाली ठेवला. "भाऊ, ह्यात खराबसुद्धा गोड लागतो. मला जे आहे तेच ऐकवणारा द्या."

"लोक चांगला आवाज मागतात हो. तुम्हीच खराब मागणाऱ्या पहिल्या."

त्याने सात-आठ काढून दिले. टिक् स्वच्छ ऐकवणारे त्यातले तीनच निघाले. कस्तुराने पहिला डोक्यावर चढवला, स्टूल ओढून घेतलं, पिशवीतून जपाची गोमुखी काढली आणि डोळे मिटले.

"ताई, काय करताय?"

"माझा रोजचा अकरा माळांचा नेम आहे. पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात नाम सोडून कानाकडे लक्ष गेलं, तर हा नको."

कानात गिअरबॉक्सची घूं, बोटांत मणी, ओठांत रामकृष्णहरी. पांडुरंगाला त्यात काही वावगं वाटलं नसावं. पोट भरायच्या कामातच आपलं नाव घेणारी माणसं त्याने कमी पाहिलेली नाहीत. तिसऱ्या माळेला चष्म्याची काडी रुतली. तिने हेडफोन काढून ठेवला आणि उरलेल्या माळा तशाच बसून पुऱ्या केल्या. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक तोवर कुजबुजून बोलत होतं.

दुसऱ्या दिवशीचा दुसरा हेडफोन सात माळा चालला. चष्म्याला त्रास नव्हता, पण रेक्झिनच्या गादीखाली कान घामेजले. तिसऱ्या दिवशी नवनाथने स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं. तिसरा हेडफोन दिसायला अगदी साधा, काळा. गाद्यांना जाडसर मऊ कापड, कान पुरता आत मावेल अशी वाटी, पकड सैल पण न घसरणारी. रेकॉर्डिंगवाले सोडून कुणी बघत नाही त्याच्याकडे, असं नवनाथ म्हणाला होता.

अकरावी माळ संपली. कस्तुरा उठली, चपला घालून दाराकडे निघाली.

"ताई, हेडफोन डोक्यावरच आहे."

"मग हाच," ती म्हणाली.

शनिवारी तीनला अर्जुनराव स्वतः खुर्ची टाकून बसले. ज्योतीराम एकेक गिअरबॉक्स चढवत होता. सव्वातीनला कस्तुराने एक बाजूला काढला. चारच्या सुमाराला दुसरा. पावणेपाचला तिसरा. मग बराच वेळ सगळे चांगलेच येत राहिले. साडेपाचला स्टँड रिकामा झाला आणि ज्योतीराम हात पुसत तिच्याकडे बघायला लागला.

"तीनच झाले," अर्जुनराव म्हणाले. "मी पाच म्हणलो हुतो."

"हो."

"दोन ऱ्हायले. पुन्यांदा ऐका, मी वेळ देतो. घाई न्हाई."

ज्योतीराम हळूच म्हणाला, "ताई, ते शेवटून चौथं जरा घरघरत होतं बघा. काढून टाका."

कस्तुराने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कानशिलं दुखत नव्हती, कान थंड होते. शेवटून चौथा तिला नीट आठवत होता. तो घरघरत नव्हता. त्याच्याखालची स्टँडची पट्टी सैल होती.

"राहिले नाहीत शेठ," ती म्हणाली. "असते तर ऐकू आले असते. चांगल्याला मी खराब म्हणणार नाही."

"मग टेबल जाईल."

"जाऊ द्या. पण नापासाच्या लाल कागदावर सही मी ह्या तिन्हींच्याच करणार."

अर्जुनराव खुर्चीतून उठले. त्यांनी ते तीन गिअरबॉक्स उलटे केले. तिन्हींच्या बुडाला खडूची फुली होती.

"तीनच घातले हुते," ते म्हणाले. "पाच म्हणल्यावर माणूस आकडा भरायला चांगलं दोन मोडीत काढतंय का, ते बघायचं हुतं. ह्या ज्योतीरामानं काढलंच आसतं."

ज्योतीराम स्टँडची पट्टी आवळायला खाली वाकला.

"पुढच्या वेळी खरा आकडा सांगा," कस्तुरा तशाच हलक्या आवाजात म्हणाली. "निकाल हाच लागेल."

"व्हय, तेबी खरं. आता यंत्राचं काय करू? सांगून बसलोय त्या यंत्रवाल्या माणसाला."

"आणा की. चांगला कुठला, खराब कुठला, हे त्याला कुणीतरी शिकवावंच लागेल. सोमवारी सकाळी पाठवा त्या माणसाला माझ्याकडे."