काकांच्या आठ रजा

"'घरगुती काम' चालणार नाही काका," ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. "नवा नियम आलाय. रजेचं कारण स्पष्ट हवं."

काकांनी अर्ज परत घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. पंप दुरुस्तीच्या त्या कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि इतक्या वर्षांत त्यांनी कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं. रजाच घेतली नव्हती, त्यामुळे तशी वेळही आली नव्हती. उरलेल्या रजा दर डिसेंबरअखेर गुपचूप बुडायच्या. पण यंदा काकू शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झाल्या होत्या, आणि फुकट जाणारी वस्तू काकूंना बघवत नसे. आठ रजा उरल्यात हे कळलं आणि त्या क्षणापासून त्या काकूंच्या झाल्या.

काकांनी खरं ते लिहिलं : 'विजोड मोजे घालण्याचा दिवस.'

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे काय?"

"पेपरात कोपऱ्यात येतं ना, जगात आज कसला दिवस पाळतात ते. ही कापून ठेवते."

"आणि तुम्ही हा पाळणार?"

"माझ्या हातात काही नाही मॅडम. मोजे तिने काढूनसुद्धा ठेवलेत."

कारण स्पष्ट हवं, एवढंच नियमात होतं. शहाणपणाचं हवं, असं कुठे म्हटलेलं नव्हतं. मॅडमनी सही केली.

काकांना खरी काळजी होती ती स्टोअरची. तिथे चौदाशे सुटे भाग होते आणि कुठला भाग कुठल्या खणात, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते काकांच्या डोक्यात होतं. मेकॅनिकने दारातून नुसतं "काका, ते..." म्हणायचा अवकाश, वस्तू त्याच्या हातात पडे. आपण दिवसभर नसलो तर कारखाना बंद पडेल याची त्यांना खात्री होती. आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती.

पहिल्या दिवशी एक निळा, एक तपकिरी मोजा घालून काकूंबरोबर बाजार हिंडताना त्यांनी बरोबर अकराला स्टोअरमधल्या मदतनीस बाईंना फोन लावला.

"सगळं ठीक ना?"

"ठीक आहे काका."

"बेअरिंग मिळालं?"

"मिळालं."

"कसं काय?"

"शोधलं."

ते 'शोधलं' काकांना दिवसभर टोचत राहिलं.

मग 'मागून आणलेलं परत करण्याचा दिवस' आला. काकांनी शेजाऱ्यांची शिडी अकरा वर्षांनी परत नेली. शेजाऱ्यांनी मधल्या काळात नवी घेतली होती. त्यांनी जुनी ठेवून घ्यायला साफ नकार दिला आणि वर नवीही ठेवायला दिली, त्यांच्या घरात जागा नव्हती म्हणून. मग आला 'घाऊक माफीचा दिवस'. नवऱ्याने सगळ्या संसाराची माफी एकदम मागून मोकळं व्हायचं.

"यादी देतेस का?" काकांनी विचारलं.

"यादी नको. तुम्ही नुसतं चुकलं म्हणा. कशाबद्दल ते मी लावून घेते."

'नवऱ्याने वाट विचारण्याचा दिवस' आला तेव्हा मात्र काकांना संशय आला. स्वतःच्या गल्लीत उभं राहून स्वतःच्या घराचा पत्ता विचारायचा म्हणजे काय?

"हा पेपरात होता?"

"चौथ्या पानावर."

"दाखव."

"त्यात काल कचरा गुंडाळला."

काकू हसून हसून पायरीवर बसल्या. काकाही हसले. इतक्या वर्षांत दोघं दिवसाउजेडी एवढं एकत्र हसले नव्हते. दिवसाउजेडी ते एकत्र नसतच.

अकराचा फोन मात्र रोज आखूड होत गेला. सातव्या दिवशी काकांनी तो केलाच नाही.

"आज विचारपूस नाही?" काकू म्हणाल्या.

"कशाला? तिकडे कुणाचं काही अडलेलं नाही." हे ते हसत म्हणाले, पण हसू नीट बसलं नाही.

काकूंच्या वाचनालयातल्या खुर्चीवरही आठवड्यात दुसरी बाई आली होती, आणि ती काकूंपेक्षा टापटिपीची होती.

आठवी रजा वर्षाच्या शेवटच्या दिवशी. "आज कसला?" काकांनी उगीच विचारलं.

"बायकोला कामाची जागा दाखवण्याचा. शर्ट बदला."

"हा पेपरात असणं शक्यच नाही."

"पुढच्या वर्षी येईल."

स्टोअरच्या दारात काका थबकले. प्रत्येक खणावर पांढरी चिठ्ठी होती. नाव, माप, संख्या. मदतनीस बाई स्टुलावरून उठल्या. "तुम्ही नव्हता ना काका, म्हणून. चुकलंबिकलं असेल तर सांगा."

काका एकेक चिठ्ठी वाचत गेले. चुकलेलं काही सापडेना. अक्षरही सुंदर होतं.

काकूंनी पर्स मदतनीस बाईंच्या हातात दिली. "अहो, तोंड दाराकडे करा. मी नाव वाचते, तुम्ही जागा सांगा. बघू तरी, एकतीस वर्षं घराबाहेर राहून केलंत काय ते."

"पोरखेळ आहे हा."

"इम्पेलर, चार इंची."

"डावी भिंत, तिसरी रांग, कडेचा खण," काका दाराकडे बघत म्हणाले.

"रबरी रिंग, छोटी."

"तुझ्या कोपराशी."

दोन मेकॅनिक हातातला चहा घेऊन दारात आले, मग चार, मग मॅडम. विसाव्या नावाला कुणीतरी शिट्टी वाजवली. काकांची पाठ हळूहळू ताठ होत गेली. काकू नावं अशा खणखणीत आवाजात वाचत होत्या, जणू बक्षीस समारंभ चाललाय.

"चामडी वॉशर, दोन इंची."

"उजवी भिंत, सगळ्यात वर, डावीकडे."

काकू खालच्या खणाशी वाकलेल्या होत्या.

"काका, ते मी खाली आणलेत," मदतनीस बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वर माझा हात पोचत नाही."

काका वळले. त्यांनी वरच्या खणाकडे पाहिलं, मग मदतनीस बाईंच्या खांद्याकडे. इथे बाकी सगळे आपल्यापेक्षा बुटके आहेत, हे त्यांना इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कुठे?"

"खालून दुसरा."

काका वाकले. वॉशर बाहेर काढले, परत ठेवले. मग तोंड दाराकडे करून त्यांनी हात मागे नेला आणि न बघता खण चाचपडला. पुन्हा एकदा चाचपडला. तिसऱ्यांदा हात सरळ तिथेच गेला.

"वाच पुढचं," ते काकूंना म्हणाले.