एकावन्नावी चांदणी

मल्लप्पाच्या आयुष्यात अमेरिका तीनदा आली, आणि तिन्ही वेळा त्याला न विचारता. पहिल्यांदा महायुद्धात. सोलापुरातल्या गिरणीत तो गोऱ्या पलटणींसाठी खाकी विणायचा; त्यातला अमेरिकन कोण नि इंग्रज कोण, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्यांदा बहात्तरच्या दुष्काळात, रेशनवर अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या रूपानं. भाकरी थापता थापता तुटायची. नाक मुरडत का होईना, त्यानं आणि बायको सुंदरम्मानं वर्षभर तीच खाल्ली.

तिसऱ्यांदा शहात्तर साली. अमेरिकेला दोनशे वर्षं पुरी होणार म्हणून शिवलिंगप्पा मालकांच्या कारखान्याला टॉवेलांची ऑर्डर आली. टॉवेलावर त्यांचा झेंडा. मागावर नक्षी उठते ती पुठ्ठ्याच्या कार्डांना पाडलेल्या भोकांवरून, आणि ती भोकं मल्लप्पा पाडायचा. साठी उलटली होती, पाठ धरायची, जीव कंटाळला होता. पण तीस वर्षांत त्याचा हिशोब एका भोकानंही चुकला नव्हता. तेवढ्यावरच त्याची नोकरी टिकून होती.

मुंबईच्या एजंटानं नमुना परत धाडला. झेंड्यावर त्यांच्या पन्नास राज्यांच्या पन्नास चांदण्या हव्या होत्या, एकावन्न निघाल्या.

"नजर गेली काय रे तुझी?" मालक कडाडले.

"न्हाय मालक. मोजूनच एक जास्त घातली," मल्लप्पा म्हणाला. "शुभकार्य हाय त्यांचं. शुभाला नुसतं पन्नास कुणी देतं का? तुमी तरी लग्नात कदी दिलंय? आन् ज्यांचं खाल्लं, त्यांच्याच बाबतीत हात आखडायचा व्हय?"

मालकांनीही जन्मात कधी पन्नासाचा आहेर केला नव्हता.

"एजंटाला हे सांगितलं तर हसंल की, आन् ऑर्डर जाईल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हातारा आंधळा झाला, काढून टाकला, असंच कळवतो. तेवढी चांदणी बुजव. उद्यापास्नं येऊ नकोस."

मल्लप्पाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो. तो कार्डं घेऊन बसला. खळ लावून एकेक भोक कागदानं बुजवलं, संध्याकाळपर्यंत. नवा नमुना मागावरून उतरला तसा त्यानं बोट ठेवत ठेवत मोजला.

"पन्नास झाल्या, मालक."

मालकांनी टॉवेल घेतला, त्याच्याकडं न बघता मुकादमापुढं धरला. "बसप्पा, जरा मोजून बघ."