उजवीकडची दाढ

चिझुरुने काल बालवाडीतून आलेली चिठ्ठी सासूच्या भाताच्या वाटीला टेकवून उभी केली.

फुकुएने वाटी उचलली. चिठ्ठी आडवी पडली.

"चष्मा नाही जवळ. तूच वाच."

"कोतोमीची दाढ किडलीय, आई. वरची उजवी, मागची."

"दुधाचीच ना? पडेल."

"पडायला अजून पाच वर्षं आहेत."

फुकुएने मुळ्याची फोड तोंडात टाकली आणि मुद्दाम आवाज करत चावली. ती एक्याऐंशी वर्षांची होती. तोंडात चोवीस दात, सगळे स्वतःचे. त्याबद्दल नगरपालिकेने दिलेलं प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. तिच्या चॉपस्टिक्सच्या टोकांना निळी चिकटपट्टी होती. कोतोमीला दात येऊ लागले तेव्हा चिझुरुने ती लावली होती. मोठ्यांच्या तोंडातले जंतू मुलांच्या तोंडात जातात, म्हणून आजीच्या चॉपस्टिक्सने नातीला घास द्यायचा नाही. फुकुएने ते पाळलं होतं, पण दर जेवणाला ती पट्टी नखाने थोडी उचकटायची आणि चिझुरु दर रविवारी नवी लावायची.

"दुपारी दोनपासून सहापर्यंत ती तुमच्याकडे असते," चिझुरु म्हणाली. "काय काय खाते, मला काय माहीत?"

"भात. बटाटा. तू लिहून ठेवतेस तेच."

"आणि ते?" चिझुरुने खिडकीकडे बोट दाखवलं. वळचणीला सोललेली पर्सिमन, ती नारिंगी गोड फळं, दोऱ्यांवर वाळत होती. पहिली माळ अर्धी रिकामी होती.

"झाडाचं फळ आहे. मी काही त्यात साखर ओतली नाही."

"वाळलं की दाताला चिकटून बसतं. मी रोज हेच काम करते, आई."

"हो ना. सगळ्या गावाचे दात घासतेस. घरची तेवढी किडली."

चिझुरु ज्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्या डॉक्टरांनी सकाळी हसत हसत जवळजवळ हेच म्हटलं होतं. तिने पिशवीतून एक फॉर्म काढला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला. फक्त सही राहिली होती.

"सोमवारपासून ती बालवाडीतच थांबेल. सहापर्यंत. मी येताना घेऊन येईन."

फुकुएच्या चॉपस्टिक्स वाटीच्या काठावर थांबल्या.

"म्हणजे दुपारी ती घरी येणार नाही?"

"नाही."

टेबलाखाली बसलेल्या कोतोमीने बाहुलीचे केस विंचरणं थांबवलं.

"मला आजीकडे यायचंय," ती म्हणाली.

"दात घासायची वेळ झाली," चिझुरु म्हणाली.

रोजच्यासारखी ती चटईवर मांडी घालून बसली. कोतोमी उताणी झोपली आणि तिने डोकं आईच्या मांडीवर टेकलं. चिझुरुने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि उजव्या हाताने घासायला सुरुवात केली. खालची ओळ, वरची ओळ, आतून, बाहेरून. हात घाईत नव्हता. फुकुए ताटं न उचलता बघत बसली.

"आज नीट बघून घ्या," घासून झाल्यावर चिझुरु म्हणाली. तिने खिशातून दवाखान्यातल्या दोन लाल गोळ्या काढल्या. "ही चावली की जिथे मळ राहिलाय तिथे रंग धरतो. स्वच्छ म्हणजे काय, ते एकदा कळू दे."

कोतोमीने एक गोळी चावली, चूळ भरली आणि दिव्याखाली तोंड उघडलं.

पुढचे दात पांढरे होते. डावी बाजू पांढरी, खालची ओळ पांढरी. चिझुरुने बोटाने तिचा उजवा गाल ओढला. वरच्या मागच्या दोन दाढा गालाच्या बाजूने लालभडक होत्या.

दवाखान्यात ती गाल दांडीच्या छोट्या आरशाने बाजूला धरायची. घरी तो आरसा नव्हता, आणि डावा हात हनुवटीवर असायचा.

फुकुएने ॲप्रनच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. वाकून बराच वेळ बघितलं.

"आत्ता घासलेस ना तू?"

"आईच घासते," कोतोमी उघड्या तोंडाने म्हणाली. "रोज."

"मग हे लाल कुणाचं? माझं की तुझं?"

चिझुरुने गाल सोडला. पुन्हा धरला, आणि त्या दोन दाढा घासल्या. रंग जाईपर्यंत. मग ब्रश घेऊन ती मोरीकडे गेली आणि दार लावून घेतलं.

दुसरी गोळी अजून खिशात होती. ती तिने दाताखाली फोडली, जिभेने सगळीकडे फिरवली आणि मोरीतल्या भिंतीवरच्या आरशासमोर स्वतःचा उजवा गाल ओढला.

वर, मागे. त्याच जागी गडद लाल.

तिने नळ सोडला आणि तशीच उभी राहिली.

"चिझुरु!" बाहेरून फुकुएने दारावर बोटं वाजवली. "पाणी वाहतंय केव्हाचं. आणि त्या फॉर्मवर सही राहिलीय तुझी. सोमवार परवा आहे. मला एकदाच काय ते सांग."

चिझुरुने नळ बंद केला. दार उघडलं.

"फाडून टाका तो," ती म्हणाली. "पर्सिमन मात्र तिला द्यायची नाहीत."

फुकुए तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. ओठ, हिरड्या, दात, सगळं लाल. मग तिची नजर उजवीकडे थोडी जास्त वेळ थांबली.

"आधी चूळ भर," ती म्हणाली.